फोन शिकली की सोडतो

वाडीतल्या पाण्याच्या पाटात पडले तेव्हा फोन माझ्या कमरेलाच होता. मुलाने ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगितली आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने सांगितली. आई सकाळपासून पडून होती, फोन कमरेच्या पिशवीत होता, पण लावताच येत नव्हता. त्यात खोटं काही नव्हतं. मला आलेला फोन घेता यायचा. हिरवं दिसलं की सरकवायचं, एवढं ठाऊक होतं. लावायची वेळ कधी आली नव्हती. ज्यांच्याशी बोलायचं ते हाकेच्या अंतरावर होते आणि मुलगा अकोल्याहून रोज संध्याकाळी स्वतःच फोन करायचा. मी पडले सकाळी.

आमची वाडी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला आहे. विहिरीजवळचा भाजीपाल्याचा तुकडा, एका अंगाला दोडक्या-कारल्याचा मांडव, दुसऱ्या अंगाला वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा गेल्यावर मी तिथल्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. शेजारीण आणि तिचा नवरा तोडायला, जुड्या बांधायला यायचे आणि माल बाजारात न्यायचे. त्या दिवशी शेजारीण सांभार उपटायला उशिरा आली, तेव्हा तिला मी पाटात दिसले. मनगट मोडलं होतं आणि गुडघा सुजून हातभर झाला होता. अमरावतीला प्लास्टर घातलं आणि तिथूनच मुलगा मला त्याच्या घरी घेऊन गेला. कपडे शेजारणीने मागाहून पाठवले.

मुलाचं घर अकोल्याला तिसऱ्या मजल्यावर आहे. घर चांगलं आहे, सूनही चांगली आहे. हे आधीच सांगते, कारण लोक लगेच सुनेवर येतात. ती दिवसभर घरी असते. मी उठले की, आई, काय पायजे? न्हाणीघरात गेले की ती दाराबाहेर उभी. गॅलरीला जाळी आहे. जाळीतून खाली उभ्या गाड्या दिसतात आणि समोरच्या इमारतीची तशीच जाळी दिसते. तिथेही एक म्हातारी बसलेली असायची. आम्ही एकमेकींकडे बघायचो. बोलायला अंतर जास्त होतं आणि ओरडून बोलावं असं काही नव्हतं.

प्लास्टर निघालं, गुडघा वाकायला लागला, तेव्हा जेवताना मी मुलाला विचारलं की मला कधी नेऊन सोडतो. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "आई, मी आडवा येत नाई. तू फोन शीक. सोता लावता आला, तू कुठं हायेस ते मले दाखवता आलं, की सोडतो तुले. त्या दिवशीसारखं मले पुन्हा नाई पायजे."

नात तिथेच बसली होती. तिने बापाला विचारलं, "पक्कं ना, बाबा?" तो म्हणाला, पक्कं.

नातीचं कामच ते आहे. ती अमरावतीला एका संस्थेत नोकरी करते. कमी शिकलेल्या बायांसाठी ही संस्था फोनवरचे धडे तयार करते. त्याच्या जोडीला तिचा अभ्यास चालू होता, म्हाताऱ्या बाया फोनवरून कशा शिकतात आणि कुठे अडतात यावर. दर शनिवारी ती घरी यायची. आता तिला अडायला घरचीच म्हातारी मिळाली.

धडा म्हणजे काय, तर फोनमधून एक बाई बोलते आणि काचेवर चित्रं येतात. बाई सांगते अमुक चित्र दाबा. बरोबर दाबलं की ती शाब्बास म्हणते आणि पुढचं चित्र येतं. चुकलं की पुन्हा तेच. धडा घासाएवढाच असतो, संपला की दुसरा. नात म्हणायची, लांब धडा कोणी पुरा करत नाही, बायांना मधेच उठावं लागतं, दूध उतू जातं, लेकरू रडतं. मला उठायला काहीच कारण नव्हतं. मी एकामागून एक करत बसायचे.

ती समोर तीन पायांची एक घोडी मांडायची आणि तिच्यावर दुसरा फोन लावायची. तो फोन माझ्या हातांचं चित्र घ्यायचा. तोंडाचं नाही, फक्त हातांचं. आणि ती स्वतः बाजूला बसून बघायची. मी अडले तरी सांगायची नाही. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, आता काय करू ते सांग ना. ती म्हणाली, "आजी, मधात बोलाचं नाई मले. मी सांगितलं तर धडा कुठं चुकला ते मले समजणार नाई."

"अन् मी चुकली तर?"

"तू चुकत नाई. धडाच चुकते."

ऐकायला बरं वाटलं, पण काचेपुढे अडून बसायची ती मीच. डॉक्टर निदान दुखतं का तरी विचारतो. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, म्हणजे चुकूनही मदतीला येऊ नयेत. मला पाहून तिलाही त्रास होत होता, हे मला दिसत होतं. तरी तिने नियम मोडला नाही. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

पहिली अडचण अशी निघाली की माझं बोट फोनला धड लागत नव्हतं. आलेल्या फोनचं हिरवं चार-पाचदा घासलं की सरकायचं, पण नुसतं दाबलं तर काच ढिम्म. नातीने काच पुसली, फोन बदलला. मग तिने माझं बोट हातात घेऊन पाहिलं. मातीत आणि पाण्यात राहून बोटांची कातडी जाड झालेली, भेगा पडलेल्या. अशी बोटं काचेला कळत नाहीत म्हणे. तिच्या संस्थेतल्या कोणाच्या बोटांना असं कधी झालं नव्हतं. तिने तेल लावून पाहिलं, ओलं फडकं जवळ ठेवून पाहिलं. थोडा फरक पडला. पुढे फडक्याची गरज उरली नाही. अकोल्याला बसून बसून बोटं आपोआप मऊ झाली आणि फोन माझं ऐकायला लागला. नात खूश झाली. मी रात्री बोटावर बोट फिरवून पाहिलं. दुसऱ्या कोणाचं असावं असं लागत होतं.

दुसरी अडचण अंधाराची. मी विचार करत थांबले की काच काळी व्हायची. मला वाटायचं माझ्या हातून काहीतरी बिघडलं. मी फोन खाली ठेवून हात मागे घ्यायचे. नातीने ते हातांच्या चित्रात पाहिलं आणि पुढच्या शनिवारी धडा बदलून आणला. आता काच काळी व्हायच्या आधी बाई म्हणायची, मी इथेच आहे, सावकाश करा. ती बाई पुण्याकडची असावी. मला तिचं सावकाश करा आवडत नव्हतं आणि शाब्बास तर अजिबात नाही. भाकरी भाजली म्हणून मला कोणी शाब्बास म्हटलं नाही, मग चित्र दाबलं म्हणून कशाला? नातीला म्हटलं, काढून टाक ते. ती म्हणाली, बाकीच्या बायांना आवडतं. मला वाटलं ती स्वतःच्या मनचं सांगते आहे.

तसं नव्हतं. एका शनिवारी तिला आमच्या गावच्या बायांवर धडे करून पाहायचे होते, आणि ती मला बरोबर घेऊन गेली. मुलगा म्हणाला, संध्याकाळी परत आणायचं. गाडीत बसताना सुनेने गुडघ्याखाली उशी दिली.

माझ्याच ओट्यावर बाया बसल्या होत्या. शेजारीण सगळ्यात पुढे, जवळ बोटं पुसायला ओलं फडकं. तिने चित्र दाबलं, फोनमधली बाई शाब्बास म्हणाली, आणि शेजारणीने ते पुन्हा ऐकायला तेच चित्र पुन्हा दाबलं. मग मागे वळून म्हणाली, "ऐकलं का व? नवऱ्यानं इतक्या वर्सात नाई म्हणलं." बाया हसल्या. मी नातीकडे पाहिलं. तिचंच खरं निघालं होतं, पण ती मला हसली नाही.

मग दोडका आला. नातीने मुद्दाम भाजीपाल्याची चित्रं घेतली होती. या बाया वाडीतल्या, ओळखीचं दिसलं की त्यांना धीर येईल, असा तिचा विचार. वांगं दाबा म्हटलं की दाबायच्या. कांदा दाबायच्या. पण दोडक्यापाशी एकेकीचा हात थांबायला लागला. बोट काचेपर्यंत जायचं, परत यायचं. मग बोट दुमडून त्याच्या सांध्याने दाबायच्या, आणि सांधा जाडा असल्यामुळे बाजूचं वांगं दाबलं जायचं. बाई म्हणायची, पुन्हा करून बघा. शेजारीण तर दोडका आल्यावर फोन खाली ठेवून पाणी प्यायला गेली.

नातीने मधे बोलायचं नाही म्हणून काही विचारलं नाही. बाया गेल्यावर ओट्यावर बसून ती हातांची चित्रं मागे-पुढे करत होती. "आजी, वांगं येते, कांदा येते. दोडका काहून येत नाई या बायाईले? ओळखत नाई का?"

मी म्हटलं, "कोवळा हाये तो. फूल हाये अजून टोकाले. कोवळ्या फळाले बोट दाखवलं की सडते. मांडवात आमी बोट दुमडूनच दाखवतो."

"पण हे तर चित्र हाये."

"मालूम हाये चित्र हाये ते."

"मग तू बी तसंच करते?"

तिने माझी जुनी चित्रं काढली. मीही दोडक्यापाशी बोट दुमडत होते. मला स्वतःला ते माहीत नव्हतं. मी तसलं काही मानत नाही. फळ सडतं ते माशीने, बोटाने नाही. पण बोटाला ते कोण सांगणार. नात म्हणाली की हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी म्हटलं, तुझ्यावर मांडवात बोट दाखवायची पाळी कधी आली? उन्हाळ्यात यायची ती खाटेवर बसून आंबे खायला. तिने ते हसून घेतलं. मग म्हणाली, बाजारात नुसती भाजी विकणाऱ्या बायांनी दोडका न थांबता दाबला होता, वाडीत पिकवणाऱ्या तेवढ्या थांबल्या, आणि ती आजवर समजत होती की वयामुळे थांबतात. तिने तिथल्या तिथे दोडका काढून छत्री टाकली. छत्री सगळ्यांनाच दाबता येते.

ती काम करत होती तोवर मी मांडवाकडे गेले. शेजारणीने वेल नीट चढवले होते. वांग्यांत तण होतं. मी वाकून उपटायला लागले, पण मनगटात जोर आला नाही, तण मुळापाशी तुटून वरचं वर हातात आलं. दोन-तीनदा पाहिलं आणि सोडून दिलं. गाडीचा हॉर्न वाजला. मी दार लोटलं, कडी लावली, कुलूप शेजारणीने लावलं. अकोल्याला पोचलो तेव्हा सून दारातच उभी होती.

त्यानंतर मी धड्यांना भिडले. शनिवारची वाट पाहिली नाही. सकाळी चहा झाला की फोन घेऊन बसायचे. फोन लावणं, आवाज भरून पाठवणं, मी कुठे आहे ते दाखवणं, पडले तर बाजूची कळ दाबून मुलाला, नातीला आणि शेजारणीला एकदम कळवणं. समोरच्याचं तोंड दिसतं तो फोनही लावता यायला लागला. नात म्हणायची, आजी, तुझ्या निम्म्या वयाच्या बाया एवढं लवकर करत नाहीत. त्यांना कुठे वाडी गाठायची होती?

शेवटची परीक्षा रविवारी घेतली, मुलासमोर. नात बाजूला बसली. मी शेजारणीला तोंड दिसणारा फोन लावला. ती वाडीतच होती. मी म्हटलं फोन फिरव. तिने विहीर दाखवली, मांडव दाखवला. एका वाफ्यात पाणी तुंबलं होतं, मी म्हटलं बाजूचं मातीचं दार फोड. तिच्या नवऱ्याने फावड्याने माती ओढली, पाणी पुढे गेलं. वांग्यांवर मला कीड दिसली, तेही सांगितलं. सगळं झाल्यावर फोन बंद केला आणि मुलाकडे पाहिलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, झालं आपलं काम.

तो म्हणाला, "आई, कमाल केली तुनं. आता तुले जायची गरजच नाई. इथूनच सारं होते."

सून म्हणाली, खरंच की. आणि त्याने सांगितलं, शेजारणीच्या नवऱ्याशी त्याचं बोलणं झालं आहे, ते लोक वाडी मक्त्याने, वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, करायला तयार आहेत, फक्त आईने वरून लक्ष ठेवावं अशी त्यांची इच्छा आहे. तेही आता होईल. तो मनापासून खूश होता. त्याने लगेच पुण्याच्या आपल्या मेव्हण्याला फोन लावला आणि आईने अकोल्यात बसून नांदगावच्या वाफ्याला पाणी दिलं असं सांगितलं. मेव्हण्याने विचारलं, हे धडे आमच्या आईसाठी मिळतील का. ती पण गावी जायचं म्हणून डोकं खाते.

मी नातीकडे पाहिलं. ती फोन घोडीवरून काढत होती. तिने मान वर केली नाही.

नंतर ती माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. मी तिला म्हटलं, पक्कं ना असं तूच विचारलं होतं. ती म्हणाली तिने बापाशी बोलून पाहिलं, तो ऐकत नाही. त्याला वाटतं आजीला वाडीची काळजी होती, ती आता मिटली. तिच्या संस्थेतले लोकही आता माझं उदाहरण सगळीकडे सांगतील, म्हातारी घरबसल्या वाडी सांभाळते म्हणून. तिने धडे केले होते बाईला कुठेही एकटं जाता यावं म्हणून. बराच वेळ बसली. मी तिला जा म्हटलं, तिची गाडी चुकली असती.

दुसऱ्या दिवशी मुलगा जेवायला बसला तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "फोन शिकली की सोडतो म्हणला होतास."

"आई, तुले वाडी पायजे होती ना? वाडी तर हातात आली तुह्या."

"वाडी नव्हती पायजे. एकटं राहाचं होतं मले."

सुनेचा हात पोळी वाढता वाढता थांबला. मुलाने ताटाकडे पाहिलं. इथे तुला काय कमी आहे, असं तो विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने विचारलंच नाही. पोळी पुरी केली, हात धुतला, ऑफिसला गेला. मी बोलले त्यात सुनेला लागेलसं होतं हे मला ठाऊक होतं. ती दुपारी चहा घेऊन आली, नेहमीसारखाच. त्यामुळे मला आणखी जड झालं.

मुलगा ऑफिसातून दुपारी फोन करतो. ही सवय मी पडल्यापासूनची. त्या आठवड्यात एकदा सून तिच्या बहिणीकडे गेली होती आणि मी घरात एकटी होते. फोन वाजला. मुलाचं तोंड काचेवर दिसत होतं. मी घेतला नाही. वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. मी फोन मांडीवर ठेवून बघत राहिले. काळा झाला की बिघडला असं आता वाटत नव्हतं. घर शांत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने दारात किल्ली फिरली. मुलगा आत आला. लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढून आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता, तोंडाला फेस. मला खुर्चीत बसलेलं पाहून तो दारातच खाली बसला, चपलांवर. मी पाणी दिलं.

"काहून नाई उचलला?"

"उचलता येते. उचलाचा नव्हता."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला, "इथून ऑफिस पंधरा मिनिटावर हाये, तरी मी असा आलो. तिथं तू नाई उचलला तर मी कसा येऊ, आई?"

केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. आधी लक्षात आलं नव्हतं. कोणी मला कोंडलं नव्हतं. दाराला आतून साधी कडी आहे, ती मला काढता येते. गावी जायला बस आहे. मी निघाले असते तर कोणी हात धरला नसता. पण त्या घरी मी एकदा फोन उचलला नाही की तो इथून असाच पळत सुटणार. मी तिथे एकटी राहिलेच नसते. हा माणूस रोज माझ्या दारात येऊन बसला असता.

त्याला म्हटलं, ऊठ, चपलांवर नको बसू.

तो गेल्यावर मी आतून कडी लावली आणि शेजारणीला फोन लावला. नुसता आवाजाचा लावायचा होता, पण चित्राचा लागला. तिचं तोंड दिसलं, मागे मांडव. ती म्हणाली, "काय वो काकू, आज दुपारीच? थांबा, तुमाले दोडके दाखवतो, लई लागले."

"नको दाखवू. तुह्या नवऱ्याले सांग, वाडी तुमी करा. मक्त्याचं काय ते पोराशी बोला."

"अन् तुमी पाहान ना वरून? तुमी सांगसान तसंच करू आमी."

"नाई पाहात. मांडव ठेवा का मोडा, तुमच्या मनानं करा."

तिने विचारलं, "येता ना पण? मंग खोल्याईची चाबी कोणापाशी राहू देऊ?"

मी म्हटलं तुझ्याजवळच राहू दे. ती आणखी काहीतरी विचारत होती, तिकडून वारा होता, नीट ऐकू आलं नाही. मी लाल दाबून फोन बंद केला. सून यायची वेळ झाली होती, म्हणून उठून दाराची कडी काढून ठेवली.